अमरीननं पुसलेलं पान

"माणूस विसरते, कम्प्युटर कधीच नाई," असं राजुऱ्याच्या सायबर कॅफेत गुलाम रसूल टेलरांनी जाहीर केलं आणि बंद मॉनिटरकडे डोळे वटारून पाहत बसले.

कॅफेवाल्या अश्वजितनं तो सुरू केला. "चाचा, लोकं सांगतात तेवढं काही उरत नाई. अन् दुसऱ्याचं पाहू बी नाई."

"अमरीन माझी पोरगी हाय. इथी येऊन कोणाशी लग्न जुळवून राह्यली, ते पाह्यल्याबिगर मी उठत नाई."

अश्वजितनं नाइलाजानं ब्राउझर हिस्ट्रीची लपलेली फाईल उघडली. तिनं पुसलेल्या पानांतलं एकच परत मिळालं, निकाह जुळवणाऱ्या साइटचं. अमरीननं त्यावर स्थळ टाकलं होतं : टेलर, विधुर, वय बावन्न. शेजारी गुलाम रसूलचाच फोटो.

चाचांनी खुर्ची पुढं ओढली.

"बाबू, हा फोटो बदलता येते काय? यात मी लय बुढा दिसून राह्यलो."