तक्रार नसल्याचा कागद

मायला घेऊन मी जळगावच्या त्या दवाखान्यात तिची फाईल मागायला सातव्यांदा आले. मायचं प्लास्टर आवळलंय, बोटं काळी पडताहेत, हे तीन दिवस ओरडून सांगितलं होतं. “सूज आहे, उतरेल,” म्हणाले. शेवटी तिचा कापूस वेचणारा उजवा हात इथेच कोपरापासून कापला. फाईल आपला हक्क आहे म्हणे, पण दर वेळी साहेब नसतात, नाहीतर कपाटाची किल्ली. आज वकिलाची नोटीस दाखवली तेव्हा कुठे क्लार्कने झेरॉक्स सरकवली. “घरी जाताना आईनेच लिहून दिलंय ताई, तक्रार नाही. हा बघा अंगठा.” मी खालची ओळ वाचली: उजव्या हाताचा अंगठा. “बायकांचा उजवाच घेतात,” तो म्हणाला. मायने पदराखालचा थोटा हात टेबलावर ठेवला. “भाऊ, मंग हाऊ अंगठा कोना शे?” त्याने झेरॉक्स ओढली, मी दोन्ही हातांनी धरून ठेवली.