जोडीचा डबा

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी चौघे जण वांकिडीतल्या मोतीरामच्या फोटो स्टुडिओत शिरले आणि त्यांनी आतून शटर ओढून घेतलं. पहारीचा पहिला घाव कॉम्प्युटरवर पडला, दुसरा मोतीरामच्या खांद्यावर.

कारण एक फोटो होता. महिन्यापूर्वी कापसाच्या जिनिंग मिलच्या आवारात रामाजी नावाच्या हमालाला ठेचून मारलं, तेव्हा मोतीराम समोरच्या गच्चीवर लग्नाचे फोटो काढत होता. एका फोटोत मारणाऱ्याचा चेहरा स्वच्छ आला. तो जिनिंगच्या मालकाचा मुलगा, चंपत. सोमवारी मोतीराम तो फोटो कोर्टात देणार होता.

आता तोच चंपत समोर उभा होता. निगेटिव्ह बादलीत जळत होत्या. एकाने कॉम्प्युटरची डिस्क फरशीवर ठेवून तिचा चुरा केला. दुसऱ्याने टेबलावरचा फ्लॉपींचा पत्र्याचा डबा बगलेत मारला.

"आनखी कुठी ठेवला?" चंपतने विचारलं.

"कुठीच नाई."

"काऊन खोटं बोलून राह्यला? तू तं टापटिपीचा मानूस." त्याने मोतीरामचा उजवा हात टेबलावर पसरला. "हास जरा. लोकाईले हासवतं ना तू, फोटो काढताना?"

पहार खाली आली.

मोतीराम ओरडला, पण बोलला नाही. दुसरी प्रत होती. मागच्या साली डिस्क आपोआप बंद पडली आणि एका घरचं अख्खं लग्न पुसलं गेलं. तेव्हापासून तो प्रत्येक फोटो स्कॅन करून दोन फ्लॉपींवर उतरवी. एक इथे. दुसरी राज्याच्या सीमेपलीकडे राजुऱ्याला, शाळेत शिकवणाऱ्या धाकट्या बहिणीकडे, चंद्रभागाकडे. महिन्यातून एकदा जाऊन तो तिथली एकेक फ्लॉपी शाळेच्या कॉम्प्युटरवर उघडून पाही. उघडून पाहिली नाही ती प्रतच नव्हे, असं म्हणे.

दोन बोटं मोडली. तिसरं मोडलं. राजुऱ्याचं नाव तोंडातून गेलं नाही.

साडेअकराला ते जीपमध्ये बसून गेले. बायको कौशल्याबाई दवाखान्यात धावत आली तेव्हा पाऊण वाजला होता.

"सांगतलं का तुमी?"

"नाई." पट्टी बांधलेला हात त्याने वर केला. "बोटं नेली, नाव नाई नेलं."

"अन् टेबलावरचा डबा?"

"तो नेला."

एवढं बोलल्यावर मोतीरामला त्या डब्याचं झाकण आठवलं. आपण मेलो तरी मागच्यांना सापडावं, म्हणून प्रत्येक डब्याच्या झाकणाआत तो जोडीच्या डब्याचा ठिकाणा लिहून ठेवी. या झाकणाआतही होता, सुवाच्य अक्षरात: चंद्रभागा, राजुरा, शाळेतलं कपाट.

एक वाजता कौशल्याबाईने बूथवरून शाळेत फोन लावला. शिपायाने उचलला.

"बाई तं आत्ताच गेल्या. दादाले लागलं म्हनून तुमीच जीप धाडली ना? कपाटातला डबाबी नेला त्याईनं. दादानं मांगतला म्हने."

जीप वांकिडीच्या रस्त्याला लागलेली शिपायाने पाहिली होती. संध्याकाळी सहापर्यंत ती वांकिडीत आलेली नव्हती.