झऱ्यापाशी ठेवलेली बाटली

नवरा गास्पार गेल्यावर ओडेटनं पहिल्यांदाच एकटीनं अ‍ॅबसिंथ, म्हणजे कडू वनस्पतींची जहाल दारू, गाळली. खोऱ्याच्या रिवाजाप्रमाणे वाटसरूंसाठी एक बाटली रानातल्या झऱ्यापाशी ठेवायची होती. पण ती बाटली घेऊन पोचली तर शेजारचा उलिस परीक्षा घ्यायला तिथे आधीच हजर.

"गास्पारची पाणी पडताच दुधाळ व्हायची. तुझी बघू."

"बघ की! डोळे जातात म्हणून सरकारनं नव्वद वर्षं बंदी घातली. आमच्या घरानं नव्वद वर्षं गाळली. गावात चष्मा होता तो फक्त जकात अधिकाऱ्याला, आणि तो मेला प्यायचा नाही!" असं म्हणत तिनं तोऱ्यात आपला पेला रिकामा केला.

उलिसनं स्वतःच्या पेल्यात झऱ्याचं गार पाणी थेंबथेंब सोडलं. अ‍ॅबसिंथ नितळच राहिली.

"अगं, हिला पाणी पडल्याचं कळलंच नाही!" तो हसला, पण फुकटची सोडतो कोण? अर्धी प्यायला. मग पेल्याकडे टक लावून म्हणाला, "थांब... होतेय दुधाळ. अगदी गास्पारसारखी!"

पेला नितळच होता.

उलिसनं चेहरा वर केला. त्याच्या निळ्या डोळ्यांत कडेकडून आत, संथपणे, पांढरे ढग उतरत होते. गास्पारलाही जमले नसते इतके सुरेख.

ओडेटचा ऊर अभिमानानं भरून आला.

मग तिला समोरचा झरा जरा पांढरट दिसू लागला.