धारेची बाजू

"दोन घे," काका तिला म्हणाले. "एक छातीच्या पट्ट्यावर, एक दंडावर. एक हात अडकला तरी दुसऱ्याला सापडला पाहिजे."

दुकानदाराने काचेवर दोन छोटे कटर ठेवले. आकड्यासारखी वळलेली पाती, बोट कापू नये म्हणून आत दडवलेली. जाळ्याचा दोर आकड्यात धरायचा आणि ओढायचा, एवढेच काम. काकांच्या स्वतःच्या अंगावर अशी तीन हत्यारे असत. छातीवर एक कटर, दंडावर एक, कमरेला कातर. पाण्यात उतरण्यापूर्वी ते तिन्हींना एकदा हात लावून पाहत आणि होडीवरचे लोक हसत. दुकानदारानेही आज तीच चेष्टा केली. यांना बुडायला वजनाचा पट्टा लागतच नाही, म्हणाला, हत्यारांच्या भारानेच तळाला जातात.

काका हसले नाहीत. या चेष्टेवर ते कधीच हसत नसत.

तिने पिशवीतून वडिलांचा चाकू काढून काचेवर ठेवला. "मला हा न्यायचाय."

लांब पात्याचा जुना चाकू होता. पोटरीला बांधायचे रबरी पट्टे वाळून तडकले होते. काकांनी एकदा पाहिले आणि मान वळवली. मग ते समजावू लागले. अडकलेल्या माणसाचा हात पोटरीपर्यंत पोचेलच असे नाही. लांब टोकाने आपलाच सूट फाटतो. पोलाद गंजते. सगळे खरे होते. काका नात्याने तिचे कुणी नव्हते, वडिलांचे पाण्याखालच्या कामातले जोडीदार होते. पण पाण्याखाली श्वास घ्यायला तिला त्यांनीच शिकवले होते. समुद्रतळावर टाकून दिलेली जाळी कापून काढण्याच्या कामावर ती उद्या पहिल्यांदा त्यांच्यासोबत उतरणार होती.

पण तिचे अडले होते ते चाकूपाशी नाही, हातापाशी. सरावाच्या तलावात काकांनी तिच्या पायांभोवती दोर गुंडाळला की तिचा हात थिजून जाई. कटर डोळ्यांसमोर दिसे आणि बोटे उचलत नसत. आईने हे ऐकले तेव्हा ती भांडी विसळत होती. "हात बाबांवर गेलाय तुझा," एवढेच ती म्हणाली. त्या रात्रीपासून ते वाक्य तिच्या उशाशी बसून होते.

वडील आणि काका एकाच जाळ्यात सापडले होते. आपल्या बाजूचे जाळे फाटले आणि आपण वर आलो, असे काका सांगत. वडिलांचा देह नंतर त्यांनीच खाली जाऊन वर आणला. चाकू म्यानात होता. घाबरला, ऐनवेळी हात गेला नाही, असे लोक म्हणाले. आईनेही तेच मनात धरले. म्यान होते तसे तिने कपाटात ठेवले आणि त्यानंतर तो चाकू कुणी उपसला नव्हता.

ती दुकानातल्या स्टुलावर बसली. म्यान पोटरीला लावले. वडिलांना जे जमले नाही ते आपल्या हाताला एकदा जमावे, एवढेच तिला हवे होते. तिने डोळे मिटले आणि चाकू उपसला.

धार तिच्याच मनगटाकडे होती.

"राहू दे गं," काका म्हणाले. त्यांनी चाकू तिच्या हातून घेतला आणि तिच्याकडे न बघता म्यानात सरकवला. डाव्या हाताने. काका डावखुरे होते.

तिने पुन्हा उपसला. धार पुन्हा तिच्या मनगटाकडे.

ती पात्याकडे पाहत राहिली. तिला लहानपणीच्या रविवारच्या सकाळी आठवल्या. वडील पलंगाच्या कडेला बसून, डोळे मिटून, चाकू काढत आणि ठेवत, काढत आणि ठेवत. माझा हात काही एवढ्यांदा धरला नाहीत, असे आई चिडवायची. धार नेहमी बाहेरच्या बाजूला. म्यानात नीट बसला की 'कट्' असा आवाज येई. शेजारच्या खोलीत ती त्या आवाजानेच जागी होत असे.

काकांनी ठेवला तेव्हा तो आवाज आला नव्हता.

तिने पाते फिरवले, धार बाहेर केली आणि चाकू म्यानात सारला. कट्. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाला पोहताना पायात घालायचे पंख दाखवत होता, त्याचे लक्षही गेले नाही. काकांनी मात्र दचकून वर पाहिले.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या अंगावर किती चाकू होते?"

काकांचा डावा हात सवयीने उठला. छातीला लागला, दंडाला लागला, कमरेला लागला. मग तसाच रिकामा खाली आला.

"एकही नव्हता," ते म्हणाले. "मी हात पुढे केला, आणि त्यानं आपला चाकू दिला."