घर बघायला आलेला माणूस

“स्वयंपाकघर नाही बघायचं?” चावीबाईंनी विचारलं.

“राहू द्या,” खिडकीच्या काचेला कपाळ टेकून उभा असलेला माणूस म्हणाला. “इथली लहान मुलं खेळायला कुठे उतरतात?”

चावीबाईंनी खालची बाग दाखवली. लोकांना घरं दाखवता दाखवता त्यांचे केस पिकले होते. हातात कायम चाव्यांचा जुडगा, म्हणून हे नाव पडलं ते पडलंच. गिऱ्हाईक उंबरा ओलांडतं तेव्हाच ते घर घेणार की नुसतं चहा पिऊन जाणार, हे त्यांना कळायचं. पण या माणसाचा थांग लागत नव्हता. दाढीचे खुंट वाढलेले, शर्टाची बटणं खाली-वर लागलेली आणि नजर भिंतींवर नाही, तर समोरच्या इमारतींच्या गॅलऱ्यांवर, दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवर.

सकाळपासूनची ही दुसरी सोसायटी. पहिलीत पोहण्याचा तलाव होता, व्यायामशाळा होती, फाटकावर आल्यागेल्याचा फोटो काढून घेणारा रखवालदार होता. लोक अशा जागेसाठी जीव टाकतात. या माणसानं मात्र फाटकावरच विचारलं, “इथे कायम एवढा पहारा असतो?” हो म्हटल्यावर आत पाऊलही न टाकता तो मागे वळला होता.

“ही जरा जुनी आहे,” चावीबाई म्हणाल्या. “पाण्याची बोंब आहे, खोटं कशाला बोलू? कमिटीत लिफ्टवरून दोन तट पडलेत. पण शेजार लाखमोलाचा. कुणाकडे पाहुणा आला तरी सगळ्या जिन्याला खबर लागते.”

“मग हीही नको.”

“अहो, तुम्हाला हवंय तरी काय?”

“जिथे कुणी कुणाच्या अध्यातमध्यात नाही, अशी सोसायटी. एखादी बाई मूल घेऊन भाड्यानं राहिली, तरी कुणी चौकशी करणार नाही अशी.” मग आपण जास्त बोललो असं वाटून तो घाईनं म्हणाला, “बायकोला शांतता लागते.”

“वहिनी नाही आल्या?”

“तिची तब्येत बरी नाही. जमलं तर येईल मागून.”

चावीबाईंच्या मनात पाल चुकचुकली. तशी एक सोसायटी त्यांना ठाऊक होती. टेकडीच्या पायथ्याशी, अर्धी रिकामी, फाटकावर डुलक्या काढणारा म्हातारा. तिथे त्यांनीच एका तरुणीला जागा मिळवून दिली होती. सोबत कुरळ्या केसांची चिमुरडी. “नवऱ्याच्या तावडीतून सुटून आलेय,” ती म्हणाली होती. “त्यानं शोधलं तर आमचं काही खरं नाही.” चिमुरडी तिला ताई म्हणायची. त्यात नवल ते काय? चावीबाई स्वतःच्या आईला जन्मभर वहिनी म्हणत आल्या होत्या. घरातली मोठी माणसं म्हणतात, तसंच मूल म्हणतं.

आणि नवरा काय करू शकतो, हे चावीबाईंना कुणी सांगायला नको होतं. त्यांची धाकटी बहीण अशीच पळून आली होती. मामांनी भोळेपणानं तिच्या नवऱ्याला पत्ता सांगितला. तो आला, नि बहीण त्यातून वाचली नाही.

“तशी एक जागा आहे,” चेहऱ्यावरची रेषही हलू न देता त्या म्हणाल्या. “पण चावी ऑफिसात राहिली. तुम्ही इथेच थांबा. ही गेले नि ही आले.”

माणसानं एकदम हात जोडले. “लवकर या. तुमचे उपकार विसरणार नाही.”

त्या भरभर जिना उतरल्या. टेकडीपर्यंत स्कूटर त्यांनी कशी हाणली ते त्यांचं त्यांना माहीत.

“तो आलाय गं,” दार उघडताच चावीबाई म्हणाल्या, आणि तरुणीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं कपडे पिशवीत कोंबले, चिमुरडीला उचललं.

“ताई, आता आपण घरी जायचं?” चिमुरडीनं विचारलं.

“हो, घरीच,” ती म्हणाली.

चावीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बिचारीला घर तरी कुठलं उरलंय! त्यांनी दोघींना स्कूटरवर मागे बसवलं, स्टँड गाठला आणि सुटायच्या बेतात असलेल्या लांबच्या गाडीत चढवलं. बस वळणाआड जाईपर्यंत त्या हलल्या नाहीत. चिमुरडी मागच्या काचेतून हात हलवत राहिली. बहिणीसाठी जे करता आलं नाही, ते आज झालं. कितीतरी वर्षांनी त्यांना मोकळा श्वास घेता आला.

आता खरं तर त्या सरळ घरी जाऊ शकत होत्या. पण त्या माणसाला तोंडावर सुनावल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं.

तो जुन्या सोसायटीच्या फाटकातच येरझाऱ्या घालत होता. जवळच्या कट्ट्यावर एक बाई बसली होती. आजारपणातून उठल्यासारखी, हाडांचा नुसता सापळा. त्याला सामील असेल, याची बहीणबिहीण, चावीबाईंनी ताडलं.

“मिळाली चावी?” तो धावतच पुढे आला.

“चावी नाही नि काही नाही,” चावीबाई कडाडल्या. “तुम्ही घर शोधत नाही, हे मला केव्हाच कळलं. ज्यांच्या मागावर आहात, त्या मायलेकी गेल्या. मीच गाडीत बसवून दिलं. कुठली गाडी, ते माझा जीव घेतलात तरी सांगणार नाही!”

माणूस मटकन खालीच बसला.

कट्ट्यावरची बाई भिंतीचा आधार घेत उठली. हळूहळू चालत ती चावीबाईंपाशी आली आणि तिनं त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले.

“मायलेकी?” ती म्हणाली. “बाई, त्या लहानगीची आई मी आहे.”