वाळवी न लागणारं लाकूड

फळी निखाऱ्यावर टेकली तशी चरचरली. तिच्या कडांनी पांढरा धूर निघाला आणि वर ठेवलेल्या माशाला वेढून बसला. पवना धरणाच्या काठी, तंबूंपुढं खुर्च्या टाकून बसलेल्या पाहुण्यांनी नाकं वर केली.

"काय वास सुटलाय!" त्यांच्यातला एक जण म्हणाला.

तोच धूर निवृत्ती सुताराच्याही नाकात गेला आणि त्याचा चेहरा उतरला. आंब्याचं लाकूड जळताना कसा वास येतो ते त्याला पन्नास वर्षं ठाऊक होतं. हा वास नुसत्या आंब्याचा नव्हता.

उर्से गावात दिवसभर एका घराच्या चौकटी बसवून तो परस्पर इकडं आला होता. सुहासनं फोन करून बोलावलं होतं. सुहास तळेगावचा, शिकलेला. यंदाच त्यानं इथं पाहुण्यांसाठी तंबू टाकले होते. गेल्या आठवड्यात त्यानं निवृत्तीकडून बारा फळ्या करून नेल्या होत्या. हातभर लांब, वीतभर रुंद. कशाला, ते त्यानं सांगितलं नाही आणि यानं विचारलं नाही. फळी म्हणजे भिंतीला ठोकायची, तिच्यावर डबे मांडायचे, एवढंच निवृत्तीला माहीत. त्यानं रंधा मारला आणि नेहमीसारखे शेवटी वाळवीच्या औषधाचे दोन हात दिले. त्या औषधाच्या डब्यावर कवटी होती. ते लावल्यावर दोनदा साबणानं हात धुतल्याशिवाय तो भाकरीला शिवत नसे.

"या आबा, या!" सुहासनं त्याला दंडाला धरून पाहुण्यांपुढं उभं केलं. "हे आमचे निवृत्तीआबा. फळ्या यांच्याच हातच्या. यांच्या लाकडाला आजवर वाळवी लागलेली नाही, मावळात कुणालाही विचारा!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"सुहासशेट," निवृत्ती हळूच म्हणाला, "फळीवर मासा व्हय? तवा न्हाई का गावला?"

"आबा, तव्यावर सगळेच भाजतात. ही नवी तऱ्हा आहे. फळी रात्रभर पाण्यात भिजवायची, मग निखाऱ्यावर ठेवायची. लाकडात जे असेल ते सगळं माशात उतरतं."

निवृत्तीला डब्यावरची कवटी आठवली.

बोलावं, तर कोणत्या तोंडानं? मी लाकडाला विष लावलंय, असं इतक्या माणसांपुढं म्हणायचं? उद्या गावोगाव होईल, निवृत्ती सुतारानं पाहुण्यांना विष घातलं. फळी कशासाठी केली होती ते कुणी विचारणार नाही. पोलीस येतील. साऱ्या जन्माचं नाव एका संध्याकाळी जाईल. आणि नाही बोललं तर? रात्रभर भिजून औषध उतरलंही असेल. धुरानं कधी कोण मेलंय? ही माणसं परमुलखाची. सकाळी गाडीत बसतील आणि जातील. कुणाचं पोट बिघडलंच, तर घाटातल्या वळणांना नावं ठेवतील.

सुहासनं फळी उतरवून ताटात ठेवली आणि एका मुलीनं बोटांनी पहिला तुकडा तोडला. कढत होता, म्हणून ती त्यावर फुंकर घालत बसली. निवृत्तीच्या जिभेवर शब्द आला.

"पोरी..."

"काय आजोबा?"

सगळे त्याच्याकडं बघू लागले. सुहासही बघू लागला.

"जपून खा. काटं असत्यात."

मुलगी हसली आणि तिनं तुकडा तोंडात घातला. मग सगळ्यांचेच हात ताटाकडं गेले. निवृत्तीनं मान खाली घातली, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि वळला.

"अहो आबा, न खाता कुठं निघालात?"

"न्हाई, निघतो. घरी वाट बघत असत्याल."

"घरचं काय घेऊन बसलात!" सुहास हसला. "दुपारी पहिल्या फळीवरचा पहिला मासा मी स्वतः तुमच्या घरी पोचवून आलो. मान तुमचाच. आणि काट्यांची काळजी करू नका, तुमच्या नातीला एकेक काटा काढून माझ्या हातानं भरवलाय."