गोणपाटाचं वारूळ

नाटकात आमचे सुतारमामा वाटमाऱ्या झाले होते. बायकोनं पापाचा वाटा नाकारला, की तो तपाला बसणार, अंगावर वारूळ चढणार आणि त्यातून महाकवी निघणार. बायको झाली होती मामीच. वारूळही तिनंच गोणपाटाचं शिवलेलं. तालमीत तिचं ‘नाही’ कसं ठसक्यात यायचं! पहिल्या प्रयोगाला मात्र “माझ्या पापात वाटा घेशील?” विचारताना मामांचा आवाज थरथरला आणि मामी पाघळली. “घेईन की. अर्धा काय, सगळाच.” विंगेत मी कपाळावर हात मारला. आता कसला ऋषी, कसलं महाकाव्य! “मामी, नाही म्हण!” मी कुजबुजलो. जीभ चावून ती कडाडली, “घेतला असता! पण घरचं दार वर्षभर लोंबकळतंय, ते बसवलंत? नाही घेत जा!” सभागृह खळखळून हसलं. मामा हसू दाबत वारुळात शिरले. हशा विरला, पण वारूळ आतून गदगदा हलतच राहिलं.